शिक्षक संघटना आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक माध्यमिक शिक्षक, बी. ए., बी. एड.



दरवर्षी या मेळाव्यात तालिमीविषयी भाषणे होतात. मुलांनी शिकले पाहिजे, मुलींना दहावीनंतर घरी बसवू नये, आपल्या समाजातून डॉक्टर, वकील, अधिकारी निर्माण झाले पाहिजेत, हे विचार आपण येथे अनेकदा ऐकले आहेत व ते योग्यच आहेत. परंतु ज्यांच्या हातून ही मुले घडायची, त्या शिक्षकांची स्थिती काय आहे, त्यांच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर या व्यासपीठावरून क्वचितच बोलले जाते. अध्यक्षसाहेबांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तिचा फायदा घेऊन आज मी शिक्षकांच्या संघटनांविषयी चार शब्द बोलणार आहे. समोर संस्थाचालक बसले आहेत आणि मी संघटनेची बाजू मांडणार आहे, म्हणून काहींना हे धाडस वाटेल. पण शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

संघटना म्हटले की आपल्या मनात प्रथम संप येतो. पालकांना वाटते, शाळा बंद पडणार, मुलांचा अभ्यास बुडणार आणि मास्तर मंडळी मोर्चात घोषणा देत फिरणार. संप होतात हे खरे आहे. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेला राज्य सरकारी कर्मचारी व शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात झालेला संप तर आपण सर्वांनीच पाहिला. पण संप हे संघटनेचे वर्षातून किंवा दहा वर्षांतून एकदा दिसणारे रूप आहे. रोजचे काम वेगळेच असते. कोणाची मान्यता अडली, कोणाचा पगार थांबला, कोणाला कारणाशिवाय काढले, कोणत्या शाळेत गणिताचा शिक्षक दोन वर्षे नाही, असे कागद घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात बसणे, हे ते काम. ते वर्तमानपत्रात छापून येत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आज खाजगी शाळेतील शिक्षकाला जे संरक्षण आहे, ते आपोआप मिळालेले नाही. एके काळी संस्थाचालकाने 'उद्यापासून येऊ नका' म्हटले की शिक्षकाची नोकरी संपत असे. शिक्षकांच्या अनेक वर्षांच्या मागणीनंतर महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा कायदा झाला आणि १५ जुलै १९८१ पासून त्याची नियमावलीसह अंमलबजावणी सुरू झाली. तो अनुदानित व विनाअनुदानित, दोन्ही प्रकारच्या मान्यताप्राप्त शाळांना लागू आहे. कायम शिक्षकाला सेवेतून काढायचे असेल तर त्याच्यावरील आरोप लेखी द्यावे लागतात आणि चौकशी समिती नेमावी लागते. या समितीत तीन सभासद असतात. एक संस्थेचा, एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून घेतलेला, आणि एक स्वतः त्या शिक्षकाने कोणत्याही खाजगी शाळेच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला. हा तिसरा मनुष्य फार महत्त्वाचा आहे. ज्याला नियम माहीत आहेत आणि जो कोणाच्या दबावाखाली येत नाही असा सहकारी एकट्या शिक्षकाने ऐन वेळी कोठून शोधावा? तो बहुधा संघटनेतूनच मिळतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे अनेकांना वाटते की घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याक समाजाला आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे अल्पसंख्याक शाळेतील शिक्षकाला हा कायदा लागूच नाही. हे खरे नाही. कायद्याने अल्पसंख्याक शाळेला जी सूट दिली आहे ती नेमणुकीपुरती आहे, आणि तीही मुख्याध्यापक व संस्थेने नावे कळवलेले जास्तीत जास्त तीन कर्मचारी यांच्यापुरतीच. शाळा चालवण्याचा हक्क समाजाचा आहे आणि त्या शाळेत शिकवणारा शिक्षकही त्याच समाजाचा आहे. एकाचा हक्क राखताना दुसऱ्याची भाकरी काढून घ्यावी, असे घटनेत कोठेही म्हटलेले नाही.

हे केवळ कायद्याचे बोलणे नाही. माझ्या परिचयातील एका शिक्षिकेची हकीकत सांगतो. नाव, गाव व शाळा सांगत नाही, कारण तशा शाळा अनेक आहेत. ही भगिनी उर्दू माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत गणित व विज्ञान शिकवीत असे. रुजू होताना तिच्याकडून दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. पाच वर्षे तिने मनापासून काम केले. एका जूनमध्ये तिला तोंडी सांगण्यात आले की आता तुमची गरज नाही. तिने कारण विचारले तेव्हा तिच्यासमोर तिच्याच सहीचा राजीनामा ठेवण्यात आला. ती घरी गेली व गप्प बसली. घरच्यांनी सांगितले, आपलीच माणसे आहेत, कोर्टकचेरी नको, अल्लाह दुसरी वाट दाखवील.

तिला हे माहीत नव्हते की राजीनामा कसा द्यावा हेसुद्धा कायद्यात लिहिलेले आहे. तो दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही व तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर टपालाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. तिला हेही माहीत नव्हते की सेवा समाप्त केल्याच्या आदेशाविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते व त्याची मुदत ३० दिवसांची असते. आठ महिन्यांनी एका जुन्या सहकाऱ्याने तिची गाठ संघटनेच्या पदाधिकाऱ्याशी घालून दिली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, नेमणुकीचा आदेश आहे का? मान्यतेचे पत्र? हजेरीपटाची नक्कल?" तिच्याजवळ फक्त नेमणुकीचा आदेश होता. पुरेसे कारण दाखवले तर न्यायाधिकरण मुदतीनंतरचे अपीलही घेऊ शकते, म्हणून अर्जाची तयारी सुरू झाली. पण अर्ज दाखल होण्यापूर्वी दोन पदाधिकारी संस्थाचालकांना जाऊन भेटले. कायद्याचे पुस्तक समोर ठेवून शांतपणे बोलणे झाले, आणि पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा त्याच वर्गावर उभी राहिली.

शेवट चांगला झाला. पण ज्या वर्षी ती घरी बसली होती, त्या वर्षी त्या शाळेतील दहावीच्या मुलामुलींना विज्ञान कोणी शिकवले? कोणीच नाही. जो शिक्षक मोकळा असेल त्याने तासाला बसावे व मुलांनी गाईडमधून उत्तरे उतरवून घ्यावी, असे ते वर्ष गेले. पालकहो, शिक्षकावर झालेला अन्याय शिक्षकापाशी थांबत नाही, तो मुलाच्या गुणपत्रिकेवर उतरतो. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

आता आपल्या वसई-विरारकडे पाहू. सोपाऱ्याचे नाव दहाव्या शतकात अल-मसूदीने आपल्या ग्रंथात 'सुबारा' असे नोंदवले आहे. या किनाऱ्यावर आपली वस्ती जुनी आहे. घरी कोकणी बोलणारी, बाजारात मराठी बोलणारी आणि मदरशात व शाळेत उर्दू शिकणारी आपली जुनी कुटुंबे आहेत. गेल्या चाळीस वर्षांत नालासोपारा, विरार व नायगाव या भागांत उत्तर प्रदेश व बिहारमधून, मुंबईच्या वस्त्यांतून हजारो कुटुंबे आली. लोकसंख्या वाढली, चाळी वाढल्या, पण मान्यताप्राप्त शाळा त्या मानाने वाढल्या नाहीत. महानगरपालिका २००९ साली झाली आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी. महानगरपालिका होऊनही येथील सरकारी प्राथमिक शाळा पुढे अनेक वर्षे जिल्हा परिषदच चालवीत राहिली. या पोकळीत अनधिकृत शाळा उभ्या राहिल्या. शिक्षण विभाग त्यांच्या याद्या प्रसिद्ध करतो, पण पालक यादी वाचत नाहीत, फी कमी आहे एवढेच पाहतात. अशा शाळेला मान्यता नसल्यामुळे तेथील शिक्षकाला १९७७ च्या कायद्याचे छत्र नाही. ज्या शिक्षकाला या महिन्यात पगार मिळेल की नाही हे ठाऊक नाही, तो पुढच्या महिन्यात मिळेल ते दुसरे काम धरतो. मग वर्षात तीन-तीन शिक्षक बदलतात आणि आपण म्हणतो, आमच्या मुलाचे अभ्यासात लक्ष नाही!

मान्यताप्राप्त शाळांतही एक गोष्ट पालकांच्या हातात आहे. शाळेला किती शिक्षक मिळावेत हे संचमान्यतेने ठरते, आणि संचमान्यता ठरते पटावरून. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत आहे, आणि अलीकडच्या वर्षांत तर ज्या मुलांचे आधार क्रमांक शाळेच्या नोंदीशी जुळतात तेवढीच मुले हिशेबात घेतली जाऊ लागली. आपल्याकडे काय होते? जन्मदाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मो.', शाळेच्या दाखल्यावर 'मोहंमद'. आईचे नाव एका ठिकाणी माहेरचे, दुसऱ्या ठिकाणी सासरचे. मूल वर्गात बसलेले असते, कागदावर मात्र नसते. अशी दहा-पंधरा मुले गळाली की शिक्षकाचे एक पद जाते. तो शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे जातो व वर्ग एकत्र केले जातात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा कमी पटाच्या शाळांतील पदे धोक्यात आली म्हणून शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. आपल्या अनेक उर्दू शाळा कमी पटाच्याच आहेत. संघटना मंत्रालयात भांडतील, पण मुलाचे नाव सगळीकडे सारखे करून घेणे हे काम पालकांचे आहे. जूनमध्येच ते करून घ्या, सप्टेंबरची वाट पाहू नका.

शिक्षक मित्रहो, आता तुमच्याकडे वळतो. आपल्यातील किती जण कोणत्याही संघटनेचे सभासद आहेत? महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षक संघ आहे, प्राथमिक शिक्षक समिती आहे, माध्यमिक शिक्षकांच्या निरनिराळ्या संघटना आहेत, शिक्षक परिषद आहे, शिक्षक भारती आहे, आणि उर्दू शिक्षकांच्या स्वतंत्र संघटनाही आहेत. तरीही आपले पुष्कळ शिक्षक कोठेच नसतात. मोठ्या संघटनेत आपले कोण ऐकणार, ही एक समजूत. उर्दू संघटना लहान, तिचे सरकार काय ऐकणार, ही दुसरी. या दोन समजुतींच्या मध्ये आपण घरी बसतो.

या बाबतीत दूरदेशीचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. न्यूझीलंडमध्ये सामोआ, टोंगा, नियुए, कुक बेटे, फिजी अशा प्रशांत महासागरातील बेटांवरून आलेले लोक राहतात. त्यांना तेथे 'पासिफिका' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना कामगार हवे होते म्हणून त्यांना बोलावण्यात आले. १९७० च्या दशकात मंदी आली तेव्हा त्यांच्याच घरांवर पहाटेच्या वेळी पोलिसांनी धाडी घातल्या, मुदत संपून राहिलेले परदेशी शोधण्यासाठी. त्या धाडींबद्दल तेथील पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी १ ऑगस्ट २०२१ रोजी सरकारतर्फे जाहीर माफी मागितली. २०२३ च्या जनगणनेत हे लोक देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे ९ टक्के होते. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुसलमान ११.५४ टक्के आहेत. म्हणजे प्रमाण फार दूरचे नाही.

पासिफिका मुलांची अडचणही आपल्या मुलांसारखीच. घरची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि शिक्षकांत आपल्यातले थोडे. तेथे शिक्षकांच्या दोन मोठ्या संघटना आहेत, एक १८८३ साली स्थापन झालेली मुख्यतः प्राथमिक शिक्षकांची व दुसरी माध्यमिक शिक्षकांची. पासिफिका शिक्षकांनी मोठी संघटना सोडली नाही आणि तिच्या गर्दीत ते हरवूनही गेले नाहीत. त्याच संघटनांच्या पोटात त्यांच्या स्वतःच्या समित्या आहेत. ते आपल्यात बसून विचार करतात, आपले प्रश्न ठरवतात, आणि ते प्रश्न संपूर्ण संघटनेचे म्हणून सरकारपुढे जातात. तेथे २००७ पासून दरवर्षी सामोअन भाषेचा सप्ताह साजरा होतो व शाळाशाळांतून मुले ती भाषा अभिमानाने बोलतात. योगायोग असा की १६ मार्च २०२३ रोजी, आपल्याकडे जुन्या निवृत्तिवेतनाचा संप चालू असतानाच, तेथील प्राथमिक व माध्यमिक शिक्षकही एकत्र संपावर होते. त्या मोर्चांत पासिफिका शिक्षक पगारवाढ मागत होते, तशीच सर्वांच्या मुलांसाठी चांगली शाळाही मागत होते.

यातून आपण काय घ्यावे? माझे मत असे आहे की आपल्या शिक्षकाने मोठ्या संघटनेचे सभासद व्हावे, वर्गणी भरावी, सभांना जावे, आणि त्या संघटनेत तालुक्याच्या पातळीवर उर्दू व अल्पसंख्याक शाळांसाठी एक समिती मागून घ्यावी. उर्दू शिक्षकांच्या स्वतंत्र संघटनांनाही बळ द्यावे, कारण प्रश्न नेमका मांडण्याचे काम त्याच करतात. पण प्रश्न सुटायला संख्या लागते, आणि ती संख्या सर्व समाजांतील शिक्षक एकत्र आल्यावरच होते. वसईत ख्रिस्ती, आगरी, कोळी, कुपारी, वाडवळ व आदिवासी समाजांतील शिक्षक आहेत. त्यांच्याही पगाराची, मान्यतेची व निवृत्तिवेतनाची अडचण आपल्यासारखीच आहे. शिक्षण सेवकाचे मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० व उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यानंतर जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० व २०,००० झाले. ती वाढ मराठी, उर्दू व गुजराती माध्यमांना वेगवेगळी मिळाली नाही.

त्या समितीने कोणते प्रश्न घ्यावेत? उर्दू माध्यमाच्या जागांवर काही राखीव प्रवर्गांचे उमेदवार मिळत नाहीत, त्यामुळे भरतीनंतरही वर्ग शिक्षकाविना राहतात. त्यावर मार्ग काढावा, हा पहिला. प्रशिक्षणे व त्यांची पुस्तके उर्दूतही असावीत, हा दुसरा. बालभारती पाठ्यपुस्तके उर्दूतून काढते, मग ती शिकवण्याचे प्रशिक्षण उर्दूतून का नसावे? तिसरा प्रश्न मुलांचा. केंद्राची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ पासून पहिली ते दहावीच्या मुलांना मिळत होती. २०२२-२३ पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती बंद झाली. गरिबाच्या घरात वह्या, दप्तर व गणवेश एवढ्यात भागत होते. घटनेच्या ३५०-अ या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगितले आहे. अशा गोष्टींसाठी संघटनेने आवाज उठवला तर तो शिक्षकांच्या स्वार्थाचा आवाज, असे कोण म्हणेल?

लहान गोष्टीही असतात. ईदच्या दिवशी प्रशिक्षण ठेवले जाते. एकटा शिक्षक सवलत मागायला गेला की ती मेहेरबानी होते. संघटनेने आधीच वेळापत्रक पाहून पत्र दिले की तीच गोष्ट व्यवस्थेचा भाग होते, आणि उद्या नाताळला, परवा गणपतीला तोच नियम सर्वांच्या उपयोगी पडतो.

सध्या सर्वांत मोठी चिंता शिक्षक पात्रता परीक्षेची आहे. अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांपेक्षा अधिक उरली आहे, त्यांनी जुन्या नेमणुकीचे असले तरी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे त्यात म्हटले आहे. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी उरली त्यांना परीक्षेशिवाय नोकरीत राहता येईल, पण पदोन्नती मिळणार नाही. अल्पसंख्याक शाळांना ही अट लागू होते की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. आपल्याकडील काही शिक्षक म्हणतात, म्हणजे आपण सुटलो. मी म्हणतो, असे समजून बसू नका. मोठ्या पीठाचा निर्णय कोणत्याही बाजूने लागू शकतो, आणि जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा तर अल्पसंख्याक संस्था नाहीतच. पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणे कष्टाचे आहे, हे संघटनांनी सरकारला सांगावे व त्या सांगत आहेत. पण तोवर आपण अभ्यास सुरू करावा. १५० गुणांची परीक्षा आहे, उत्तीर्ण होण्यास ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. ती उर्दू माध्यमातूनही देता येते. आपल्या संस्थेने रविवारी दोन खोल्या उघडून द्याव्यात, नव्याने उत्तीर्ण झालेल्या तरुण शिक्षकांनी ज्येष्ठांना मानसशास्त्र व गणित शिकवावे. संघटना म्हणजे हेसुद्धा!

एक मुद्दा मतदानाचा. राज्याच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत, त्यांपैकी ७ शिक्षकांनी निवडून द्यायच्या. आपण कोकण विभाग शिक्षक मतदारसंघात येतो. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग मिळून हा मतदारसंघ होतो. मतदान ३० जानेवारी २०२३ रोजी झाले होते. सहा वर्षांची मुदत धरली तर पुढची निवडणूक २०२९ च्या आरंभी येईल. या यादीत नाव आपोआप येत नाही आणि मागच्या वेळी होते म्हणून पुढेही राहत नाही. प्रत्येक निवडणुकीला यादी नव्याने होते. गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळेत शिकवलेले असावे लागते, आणि त्यासाठी नमुना १९ भरून द्यावा लागतो. त्याला संस्थाप्रमुखाचा दाखला लागतो. प्राथमिक शिक्षकांना हा मताधिकार नाही. आपले बहुसंख्य उर्दू शिक्षक प्राथमिकचे, म्हणजे माध्यमिकच्या शिक्षकावर जबाबदारी दुप्पट. आपल्यातील पदवीधर पालकांनीही, पदवीला तीन वर्षे झाली असतील तर, पदवीधर मतदारसंघासाठी नमुना १८ भरावा. आपण यादीत नसलो तर आपल्या दारात मत मागायला कोणी येणार नाही, आणि जो मत मागायला येत नाही तो प्रश्नही विचारणार नाही.

संस्थाचालकांना आता दोन शब्द. संघटना ही आपली शत्रू आहे, असे मनातून काढून टाकावे. ज्या शिक्षकाला उद्याची भीती नाही तोच मन लावून शिकवतो. नेमणुकीचा आदेश लेखी द्यावा, मान्यतेची व हजेरीची नक्कल मागितली तर हसतमुखाने द्यावी, कोऱ्या कागदावर सही घेण्याची प्रथा कोठे असेल तर ती आजच बंद करावी. आपण अल्पसंख्याक म्हणून सरकारकडे न्याय मागतो, तेव्हा आपल्या छपराखाली जो आपल्याहून दुबळा आहे त्याला आपण न्याय दिलेला असावा. तरच आपल्या मागणीला वजन येते.

आणि संघटनेतील मित्रांनाही सांगतो, हक्काबरोबर कर्तव्य येते. जो शिक्षक तासाला उशिरा जातो व शिकवणीच्या वर्गाला वेळेवर पोहोचतो, त्याच्यासाठी संघटनेने भांडू नये. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना माहेराहून लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपण आजारपणामुळे दूर आहोत, त्यामुळे फातिमेला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भाव त्यात आहे. एक आजारी पडली तर दुसरीने भार उचलायचा, आणि पहिलीने तिची आठवण ठेवायची. कोणतीही नोंदणी, वर्गणी वा पावती नसताना त्या दोघींमध्ये जे होते, तेच संघटनेचे मूळ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातील काहींनी शिक्षक व्हावे अशी माझी इच्छा आहे. विशेषतः मुलींनी. आणि तुम्ही उर्दू माध्यमातून शिकत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. शासन निर्णय मराठीत निघतो, परिपत्रक मराठीत येते, शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात बोलणे मराठीत होते. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला आपला हक्क दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि वाचून दाखवणारा सगळेच वाचेल असे नाही. उर्दूवर प्रेम करा, ती आपल्या आईची व आपल्या साहित्याची भाषा आहे. पण मराठीही अशी शिका की अर्ज लिहिताना हात थरथरू नये. ती या मातीची आणि आपल्याही घराची भाषा आहे.

या मेळाव्यातून घरी गेल्यावर तीन कामे करावीत अशी माझी विनंती आहे. पालकांनी मुलाचे आधार, जन्मदाखला व शाळेची नोंद एकत्र ठेवून नाव जुळते का ते पाहावे. शिक्षकांनी नेमणुकीचा आदेश, मान्यता व हजेरीच्या नकला एका फाईलमध्ये लावाव्यात व या महिन्यात कोणत्या तरी संघटनेची वर्गणी भरावी. आणि संस्थेने येत्या रविवारपासून पात्रता परीक्षेच्या अभ्यासासाठी खोल्या उघडाव्यात. चाव्या शिपाईमामांजवळ आहेत व शिकवायला दोन शिक्षक तयार आहेत, एवढे मी आजच सांगू शकतो.



जय हिंद, जय महाराष्ट्र.